रबर शाबूत, तरी छत ओले: ठाण्यातील एका गच्चीचे प्रकरण

ठाण्यातील एक सहकारी गृहनिर्माण संस्था, स्टिल्टवर चार मजले. गच्ची २४ मीटर बाय १६ मीटर. जिन्याच्या केबिनचे १५ चौरस मीटर वजा जाता ३६९ चौरस मीटर उघडे क्षेत्र. स्लॅबवर सरासरी ११० मिलिमीटर जाडीचा जुना ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला थर), त्यावर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर). गळतीला कंटाळून संस्थेने एका मे महिन्यात या मोझॅकवरच १.२ मिलिमीटर जाडीची काळी ईपीडीएम (एक प्रकारचे कृत्रिम रबर) शीट चिकटवून घेतली. पहिला पावसाळा निर्धास्त गेला. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैपासून चौथ्या मजल्यावरच्या तीन घरांत ओल उमटली, आणि वर शीटला जागोजाग फुगे आले.

ठेकेदाराचे म्हणणे होते की वरून द्रवरूप कोटिंगचे दोन हात मारले की प्रश्न मिटेल. समितीतल्या काहींचे मत बरोबर उलटे: रबरच निकृष्ट आहे, सगळे उखडून पुन्हा कोबा घाला. आम्ही केलेल्या पाहणीत दोन्ही टिकले नाही. शीटचा तुकडा कापून मायक्रोमीटरने जाडी मोजली, ती ठरल्याप्रमाणे होती. पट्टी दुपटीपर्यंत ताणून आणि घडी घालून भिंगाखाली पाहिली, एकही चीर नव्हती. शीट उत्तम स्थितीत होती. पाणी शिरत होते ते शीट जिथे संपते, जिथे जोडली जाते आणि जिथे भोक पाडलेले असते तिथून.

तीन घरे, ओलीच्या तीन तऱ्हा

अशा पाहणीत छतावरचा डाग पाहून वर खडूने खूण करण्याची पद्धत आहे. कोबा असलेल्या गच्चीवर ती फसवी ठरते. पाणी कोब्यातून आडवे सरकते आणि स्लॅबला जिथे बारीक भेग किंवा मधपोळे (काँक्रीटमधली पोकळी) सापडेल तिथे खाली उतरते. शिरण्याची आणि टपकण्याची जागा यांत चार-पाच मीटरचे अंतर सहज पडते. म्हणून डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी ओला होतो, हे विचारणे जास्त कामाचे.

तिन्ही घरांना पंधरा दिवस वेळेची नोंद ठेवायला सांगितले. पश्चिमेच्या घरात ओल बाहेरच्या भिंतीला लागून, बीमच्या रेषेत. वाऱ्यासह झड आली की दोन-तीन तासांत दिसायची, सरळ पडणाऱ्या पावसात नाही. ईशान्येच्या घरात कोणताही जोरदार पाऊस झाला की तासाभरात थेंब, आणि पाऊस थांबला की थोड्या वेळात बंद. मधल्या घरात मात्र पावसाशी ताळमेळच नव्हता. उघडीप मिळाली तरी तीन-चार दिवस संथपणे टपकत राहायचे. पहिली तऱ्हा कठड्याकडे बोट दाखवते, दुसरी पावसाळी पाइपच्या तोंडाकडे. तिसरीत पाणी आजचे नाही, ते कोब्यात साठलेले आहे.

पाणी भरून चाचणी, आणि तिच्यातली पळवाट

काळ्या ईपीडीएमवर विजेच्या स्पार्कने छिद्र शोधण्याची यंत्रे चालत नाहीत. रबरात भरपूर कार्बन ब्लॅक असते, त्यामुळे शीट स्वतःच थोडीफार विद्युतवाहक असते आणि यंत्र सगळीकडेच छिद्र दाखवते. उरते ती पाणी भरून पाहण्याची जुनी चाचणी.

गच्चीचे विटा, चिकणमाती आणि प्लास्टिकचे बांध घालून चार भाग केले. प्रत्येक भागात ५० मिलिमीटर पाणी, ४८ तास. म्हणजे स्लॅबवर चौरस मीटरला ५० किलो जादा वजन. एकाच वेळी एकच भाग भरायचा. पातळी भिंतीवर चढवलेल्या शीटच्या वरच्या काठापेक्षा खूप खाली ठेवायची, नाहीतर कठड्यातली गळती आणि जमिनीवरची गळती यांची सरमिसळ होते.

पाइपचे तोंड कसे बंद केले आहे, यावर चाचणीचे खरे-खोटे ठरते. मे महिन्यात काम सोपवताना ठेकेदारानेही पाणी भरून दाखवले होते आणि गच्ची पास झाली होती. पण तेव्हा तोंडावर गोणपाट कोंबून वरून सिमेंटचा थापा मारला होता. त्या थाप्यानेच शीट आणि पाइप यांच्यातली फट बुजली, म्हणजे तपासायची जागाच झाकून ठेवून चाचणी झाली. या वेळी हवा भरायचा रबरी प्लग पाइपमध्ये २०० मिलिमीटर खाली उतरवून फुगवला, त्यामुळे सांधा पाण्याखाली आला. ईशान्य भागात पाणी भरल्यावर तासाभरात खालच्या घरात थेंब पडला.

तिथली शीट उचलून पाहिली तेव्हा कारण उघड होते. शीट कापून पाइपच्या तोंडात नुसती दुमडून सोल्युशनने (रबराच्या पातळ गोंदाने) चिकटवली होती. दाबून धरणारी रिंग नाही, खाली मॅस्टिक (फट भरणारा चिकट लगदा) नाही. पीव्हीसी पाइप आणि रबर उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात. नुसत्या चिकटपणावर तो सांधा फार काळ तग धरत नाही.

पश्चिमेच्या कठड्याची चाचणी वेगळी, गच्ची पूर्ण कोरडी असताना. फक्त शीटच्या वरच्या भिंतीवर नळीने तासभर पाणी मारले आणि खालच्या घरात बीमच्या रेषेत ओल आली. शीट भिंतीवर जेमतेम १५० मिलिमीटर चढवली होती, वरच्या काठावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि ती पोकळ प्लास्टरमध्ये दर ६०० मिलिमीटरवर खिळे ठोकून बसवलेली. हाताने ओढली तर खिळा प्लास्टरसकट बाहेर येत होता. कठड्याच्या माथ्यावर भेगा होत्याच. तिथून विटांत शिरलेले पाणी शीटच्या मागून थेट कोब्यात उतरत होते. गच्चीवर कितीही चांगले रबर अंथरले तरी ही वाट उघडीच राहते. आमच्या मते या इमारतीत सर्वांत जास्त पाणी इथूनच आले.

जोड का सुटले: उत्तर कारखान्यात सुरू होते

जोडांची लांबी मोजल्यावर समितीला धक्का बसला. रोल १.४ मीटर रुंद आणि २० मीटर लांब. ७५ मिलिमीटर ओव्हरलॅप धरला की एका पट्टीने झाकले जातात १.३२५ मीटर, म्हणजे १६ मीटर रुंदीला १३ पट्ट्या आणि २४ मीटरचे १२ उभे जोड: २८८ मीटर. रोल गच्चीपेक्षा आखूड, म्हणून प्रत्येक पट्टीत एक आडवा जोड: आणखी १८ मीटर. कठडा आणि केबिनभोवतीचे ९६ मीटर. एकूण सुमारे ४०० मीटर जोड, सगळे जागेवर हाताने केलेले.

अमेरिकेत कारखान्यातच पट्ट्या जोडून १५ मीटरपर्यंत रुंद शीट बनवतात. तशी शीट इथे असती तर दोन-तीनच जोड लागले असते. पण ती गच्चीवर चढवायला क्रेन लागते. इथला रोल सुमारे ४० किलोचा, दोन बिगारी जिन्याने वर नेतात. चिंचोळ्या गल्लीतल्या सोसायटीला रुंद शीट परवडत नाही ती या कारणाने. तेव्हा जोड जास्त असणार हे धरूनच चालायचे आणि जोडाच्या कामावर सर्वांत जास्त वेळ खर्च करायचा.

बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर जोडाच्या काठावरून हलका दाब देत फिरवला. ३५ मीटर लांबीत टोक निम्म्याहून जास्त आत गेले. एक तुकडा कापून सोलल्यावर सोल्युशनचा पिवळट पापुद्रा पूर्णपणे एका बाजूला निघून आला, आणि दुसऱ्या बाजूचे रबर अगदी स्वच्छ सुटले. त्या रबरावर बोट फिरवले तर बोटाला पांढरी भुकटी लागत होती.

ही भुकटी येते कारखान्यातून. बॅनबरी मिक्सरमध्ये ईपीडीएम, कार्बन ब्लॅक, पॅराफिनिक तेल, चिकणमातीसारखे भराव आणि झिंक ऑक्साइड मळतात. गंधक आणि त्वरके नंतर कमी तापमानाला मिसळतात, नाहीतर माल मिक्सरमध्येच पिकायला, म्हणजे गंधकाने कायमचा घट्ट व्हायला लागतो. मग कॅलेंडरच्या रुळांतून दोन पातळ थर काढून एकमेकांवर दाबतात. एका थरात सुईच्या टोकाएवढे भोक राहिले तरी दुसऱ्या थरातले भोक नेमके त्याच जागी येण्याची शक्यता नगण्य असते. कच्ची शीट स्वतःलाच चिकटते, म्हणून गुंडाळण्यापूर्वी तिच्यावर टाल्क किंवा अभ्रकाची पूड मारतात आणि अख्खा गुंडा ऑटोक्लेव्हमध्ये दीडशे अंशांच्या वर वाफेत पिकवतात. रोटोक्युर यंत्रावर सलग पिकवलेल्या शीटला ही पूड फारशी लागत नाही. गुंड्यावर पिकवलेल्या शीटला लागतेच.

पूड दोष नाही, पण ती पुसून काढल्याशिवाय जोड केला तर सोल्युशन रबराला न चिकटता पुडीला चिकटते. कोरड्या हवेत असा जोड वर्षभर निभावून जातो. त्यावर पाणी साचून राहिले की काठापासून सुटत जातो. हेच पहिला पावसाळा गळतीविना जाण्याचे कारण.

एकदा गंधकाने पिकलेले रबर उष्णतेने वितळत नाही. पीव्हीसी किंवा टीपीओ या प्लास्टिकच्या शीटसारखा गरम हवेने जोड वितळवून एकजीव करणे इथे शक्य नाही. अमेरिकेत सुरुवातीला निओप्रीन रबराची सोल्युशने वापरली, ती पाण्यापुढे कमी पडली. १९८० च्या दशकात ब्युटाइल रबराची आली, पुढे प्रायमर (आधी चोळायचे पातळ द्रव) आणि ब्युटाइलची चिकट टेप रुळले. आपल्याकडे अजूनही अनेकदा जोडाला तेच सोल्युशन वापरतात जे शीट जमिनीला चिकटवायला आणलेले असते. हे काम असेच झाले होते.

त्यात टी-जोडांची भर. तीन शीट जिथे एकावर एक येतात तिथे मधल्या शीटच्या काठाने पायरी तयार होते. १.२ मिलिमीटरचीच, पण वरची शीट त्या कोनात पूर्ण बसत नाही आणि बारीक बोगदा उरतो. त्यातून पाणी केशाकर्षणाने आत ओढले जाते. गच्चीवर पन्नासच्या आसपास टी-जोड होते. पॅच एकावरही नव्हता.

फुग्यांत काय होते

मोठा फुगा कापल्यावर हवेआधी पाणी निघाले. खाली मोझॅक ओले, आणि ६० मिलिमीटर खोल काढलेल्या कोब्याच्या नमुन्यातली वीट हाताला गार लागावी इतकी भिजलेली. चौकशीत कळले की शीट लावण्याच्या दोन दिवस आधी मोझॅक अ‍ॅसिडने घासून प्रेशर पंपाने धुतले होते. वरून कडक उन्हात कोरडे दिसले म्हणून काम सुरू केले. अवघ्या ३६९ चौरस मीटरवर सुमारे ४० घनमीटर कोबा आहे. त्याने आपल्या आकारमानाच्या पाच टक्केच पाणी धरले तरी दोन हजार लिटर होतात.

वर काळे रबर, मे महिन्यात दुपारी ७० अंशांपर्यंत तापणारे. २५ अंशांना पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब सुमारे ३ किलोपास्कल असतो, ७० अंशांना तो ३१ च्या आसपास जातो. म्हणजे दाब दहापट. ही वाफ शीट जिथे नीट चिकटलेली नाही तिथे ती उचलते, रात्री थंड होऊन पुन्हा पाणी होते, दुसऱ्या दिवशी फुगा थोडा आणखी वाढतो. ठेकेदाराने सुचवलेले कोटिंग याच कारणाने नाकारले. ते ईपीडीएमवर खास प्रायमरशिवाय धरत नाही, आणि धरले असते तरी आतले पाणी आणखी घट्ट कोंडले गेले असते.

जिन्याच्या दाराशी एक वेगळाच प्रकार होता. हातभर जागेत शीट लाटांसारखी वर आलेली, बोटाने दाबली तर मऊ, लिबलिबीत. तिथे पाणी नव्हते. कोजागिरीला तिथे शेगडी मांडून भजी तळली जातात, तेल सांडते. ईपीडीएम ऊन, ओझोन आणि पाणी यांना दाद देत नाही, पण तेल आणि चरबी शोषून फुगते. ताज्या डांबराशीही त्याचे जमत नाही, म्हणून जुन्या टारफेल्टवर (डांबरी थरावर) ते थेट चिकटवू नये.

दुरुस्ती

काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवायचे ठरले. सर्व कोबा काढला असता तर साठ टनांहून जास्त राडारोडा निघाला असता आणि चौथा मजला महिनाभर हादरला असता. त्याची गरज नव्हती. फक्त ईशान्येचा चतुर्थांश, १२ बाय ८ मीटर, उखडला. तिथला कोबा पोकळ वाजत होता आणि ढाळही चुकलेला होता. स्लॅबच्या उघड्या पडलेल्या सळया तारेच्या ब्रशने साफ करून पॉलिमर मॉर्टर भरले. नवीन कोब्याऐवजी सरासरी ६० मिलिमीटर काँक्रीटचा थर, १:८० ढाळ पाइपकडे. वजनही काहीसे कमी झाले.

काँक्रीटला २८ दिवस दिले, आणि त्यानंतरही शीट लगेच लावली नाही. ४५० मिलिमीटर चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवायचे आणि उचलून पाहायचे. खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर थांबायचे. पहिल्या वेळी पाचांपैकी दोन जागी डाग दिसले. आणखी नऊ दिवस थांबावे लागले, समितीची कुरकूर सोसून.

नवीन भागासाठी १.५ मिलिमीटरची शीट. रोल उलगडून अर्धा तास तशीच पडू दिली, नाहीतर गुंडाळीतला ताण जोडांवर येतो. निम्मी शीट मागे दुमडून दोन्ही पृष्ठांना सोल्युशन. ९६ चौरस मीटरला सुमारे ६४ लिटर लागले, लिटरमागे दीड चौरस मीटर या हिशेबाने. बोट टेकवून पुढे ढकलले की तार सुटता कामा नये. तार सुटत असताना शीट टाकली तर विद्रावक आत अडकतो आणि दुसऱ्याच दिवशी बारीक फोड येतात. जानेवारीत ठाण्यातही पहाटे गच्चीवर दव असते, त्यामुळे प्रायमर आणि सोल्युशनचे काम दहाच्या आधी सुरू केले नाही. ही सोल्युशने ज्वालाग्राही असतात. शेजारी वेल्डिंग किंवा बिडी नको.

उरलेल्या गच्चीवर जुने जोड उघडायच्या फंदात पडलो नाही. जोडाचा काठ मध्ये धरून १५० मिलिमीटर रुंदीची ब्युटाइल टेप लावलेली कव्हर पट्टी वरून बसवली. साबणाच्या पाण्याने धुणे, कोरडे करणे, मग घासणीने प्रायमर चोळणे. प्रायमर ब्रशने नुसता फासला तर पूड तशीच राहते. रबर एकसारखे गडद दिसेपर्यंत, पांढरट रेघ न उरता, तो घासावाच लागतो. पट्टी टाकल्यावर ५० मिलिमीटरच्या लोखंडी रोलरने आधी आडवे, मग लांबीने दाबायचे. नवा-जुना धरून ४०० मीटर जोडाला ३०.५ मीटरचे १४ रोल आणि सुमारे १४ लिटर प्रायमर लागला. प्रत्येक टी-जोडावर न पिकवलेल्या ईपीडीएमचा १५० मिलिमीटर चौरस पॅच, त्याच्या कडेने सीलंट. हा कच्चा माल ताणून कोपऱ्यात बसतो आणि उन्हात हळूहळू पिकतो. तो गोदामातल्या उकाड्यात जुना झालेला असेल तर आधीच कडक होतो. घेताना पाकिटावरची तारीख बघावी.

फुगे क्रॉसमध्ये कापून उघडे ठेवले, उन्हात सुकू दिले, पुन्हा चिकटवून पॅच मारले. वाफ सोडणाऱ्या व्हेंटचा आग्रह एका सदस्याने धरला होता. त्याने फुग्यातला दाब कमी होतो, पण भिजलेला कोबा वाळतो असे मानणे भाबडेपणाचे.

पाइपची चारही तोंडे बदलली. भोवती ६०० मिलिमीटर चौरस जागा २० मिलिमीटर खाली घेतली, फ्लॅंज आणि दाबरिंग असलेले आउटलेट, फ्लॅंज व शीट यांच्यात मॅस्टिक. शीटचे भोक असे कापले की काठ रिंगच्या आत १२ मिलिमीटर पुढे राहील, पण पाण्याच्या वाटेत येणार नाही. रिंगच्या ३०० मिलिमीटर परिसरात जोड येऊ दिला नाही.

कठड्यावर सर्वांत जास्त मजुरी गेली. पोकळ प्लास्टर काढून नवे, माथ्याला आतल्या बाजूने ढाळ आणि खाली पाणी तोडणारी खाच. शीट ३०० मिलिमीटर वर घेतली. खाली वाट्याच्या (गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातल्या गोलाईच्या) पायथ्याशी दर ३०० मिलिमीटरवर प्लेट आणि स्क्रूने पक्की केली, कारण काही वर्षांत शीट किंचित आक्रसते आणि कोपऱ्यातून उचलून तंबूसारखी ताणली जाते. वरच्या काठाला ३ मीटरच्या ३२ दाबपट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये ५ मिलिमीटर फट, मागे मॅस्टिक, दर २०० मिलिमीटरवर विटेत रोवलेला अँकर: एकूण पाचशेच्या घरात. त्यावर भिंतीत २५ मिलिमीटर खाच मारून पत्र्याची झालर. जिन्याच्या दाराशी तेलाने फुगलेला तुकडा कापून नवा घातला आणि त्यावर सुट्या फरशा ठेवल्या.

पुढच्या पावसाळ्यात

पश्चिमेचे आणि ईशान्येचे घर कोरडे राहिले. मधल्या घरात जूनअखेर पुन्हा डाग दिसला, पण थेंब नाही, आणि ऑगस्टपासून तो फिकट होत गेला. वरच्या कोब्यात जुने पाणी अजून आहे आणि ते खालच्या बाजूनेच वाळणार. तोवर त्या छताला ऑइल पेंट किंवा पुट्टी लावू नका, फक्त चुना मारा, असे संस्थेला लेखी कळवले आहे. दर मे महिन्यात जोडांवर स्क्रूड्रायव्हर फिरवणे आणि चारही जाळ्यांतला पाला काढणे वॉचमनच्या कामाच्या यादीत घातले. डिशवाल्यांना भोक पाडायला बंदी आहे. अँटेना आता सिमेंटच्या ठोकळ्यावर, ठोकळ्याखाली रबराचा तुकडा. दुसऱ्या पावसाळ्यातही मधल्या घरातला डाग परतला, तर त्या भागातल्या कोब्याचे आणखी ४० चौरस मीटर काढावे लागतील, आणि त्या खर्चाची तरतूद संस्थेने दुरुस्ती निधीत आधीच करून ठेवली आहे.